कूलरसमोरचं ब्लॅककरंट

आमच्या घरात एकच कूलर होता आणि त्या उन्हाळ्यात तो एका झुडपासमोर लावलेला होता.

झुडूप पडवीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला, अगदी व्यवस्थित होतं. कूलरला वाळ्याची नवी ताटी, टाकीत सकाळ-संध्याकाळ ताजं पाणी. आम्ही नवराबायको मात्र आत, टिनाच्या छताखाली, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो. एटापल्लीच्या पुढचं, जंगलातलं गाव. यजमान तिथल्या शाळेत मास्तर. गावात वीज नुकतीच आली होती आणि आल्यापासून सारखी जायची. ती असेल तेवढा वेळ पहिला हक्क झुडपाचा!

याला कारणीभूत माझी नणंद. निर्मलाताई. राहायला नागपूर.

ताईंच्या नव्या घराचं वास्तुपूजन होतं तेव्हा जेवणानंतर त्यांनी सगळ्यांना आइसक्रीम दिलं. जांभळ्या रंगाचं, मध्ये मध्ये काळे मणी. मी दोन चमचे खाल्ले आणि कौतुकाने, चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, जांभळाचं मस्त झालं हो!"

ताई थांबल्या. सगळ्या पंगतीकडे एकदा पाहून घेतलं. (यांना बोलायच्या आधी थांबायची सवय आहे. तेवढ्यात समोरचा अर्धा होतो.)

"अवो, ब्लॅककरंट आहे ते! आमच्या सुनंदाले माफ करा बरं. जंगलातून आली आहे ती. त्यांच्याकडे जांभळाच्या पुढे काही पिकत नाई!"

सगळे हसले. यजमानही हसले. (बसमध्ये मी विचारलं तर म्हणाले, "मी हसलो नाई, खोकलो.")

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं? पण लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात ताईंच्या तोंडून माझ्या कुठल्याही गोष्टीला एकदाही "वा" निघालं नव्हतं. माझं माहेर चामोर्शीचं. आमच्याकडच्या तलावातल्या मासोळीचा रस्सा खाऊन परक्या माणसांनी बोटं चाटली आहेत. ताई तो खाऊन म्हणाल्या होत्या, "भात मोकळा झाला आहे." मला त्यांच्याकडून एक "वा" हवं होतं. फक्त एक. आणि ते मी ब्लॅककरंटवरच घेणार, असं त्या बसमध्ये, अहेरीच्या अलीकडे कुठेतरी, मी ठरवून टाकलं.

माझा भाऊ दिलीप फौजेत आहे. तेव्हा तो हिमालयाच्या बाजूला होता. मी त्याला निरोप धाडला, की येताना शाल आणू नकोस, सफरचंद आणू नकोस, ब्लॅककरंट आण. होळीच्या सुटीत तो आला तो बगलेत तीन रोपं मारून! मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात गुंडाळलेली, वाळक्या काड्यांसारखी.

"ताई, साधीसुधी नाई आणली," तो म्हणाला. "तिथल्या नर्सरीवाल्याची सर्वांत भारी जात हाय. घरी खायले भी चालते आन धंद्याले भी चालते. एका झाडाले घमेलंभर फळ!"

"घमेलंभर?"

"तो तर टोपली म्हनत होता. मी कमी करून सांगून राह्यलो."

"आन इथी येईल का रे हे?"

"काऊन नाई येत? हे झाड हिवाळ्याच्या थंडीत झोपते. झोप पुरी झाली का उठते आन फुलते. मी झोप पुरी झालेलीच आणली. आता फक्त एक करजो," तो बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला, "ऊन लागू देऊ नको."

हे तो मार्च महिन्यात, आमच्या गावात उभा राहून सांगत होता.

मी त्याच रात्री आखणी करून टाकली. एक रोप घरगुती वापरासाठी, दोन व्यापारी. आमचा बचत गट होता, मी त्याची अध्यक्ष. (बाकी बायकांना सही करायचा कंटाळा, म्हणून.) पापड, मोहाचे लाडू, आंब्याचं लोणचं हे सगळे गट करतात. आमचा गट करणार ब्लॅककरंटचं सरबत! बाटलीवर लावायच्या कागदाचं चित्रसुद्धा मी काढून ठेवलं. यजमान म्हणाले, "हे टमाटर काऊन काढले?" मी रंग बदलला.

व्यापारी विभाग महिनाभर चालला. त्यातलं एक रोप चिन्नीबाईच्या शेळीने खाल्लं. चिन्नीबाई म्हणजे आमची शेजारीण. माझ्या आधी तीच रडायला लागली, कारण शेळीने तो पाला खाल्ला आणि मग दिवसभर कशालाच तोंड लावलं नाही. "कायचं झाड लावलं वो बाई? माही शेळी मरन न!" मग मीच शेळीला गूळ चारत बसले. दुसरं रोप मी चुकून मेलेलं समजून उपटलं. उपटल्यावर खाली पांढरीशुभ्र जिवंत मुळं दिसली. ते परत लावलं, पण त्याने मनाला लावून घेतलं असावं.

उरलं ते एक. घरगुती वापराचं. त्याला हिरवी पानं फुटली तेव्हा मी यजमानांना बोलावलं. त्यांनी एक पान चुरगाळून वास घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"याच्यावर मांजर मुतलं काय?"

"त्याचा वासच तसा असते म्हने. दिलीप सांगून गेला."

"म्हनजे आपण मुद्दाम लावलं?"

एप्रिल लागला आणि झुडपाने माना टाकल्या. माठाजवळ ठेवून झालं, गोणपाट झालं, माझं जुनं पातळ ओलं करून तंबू झाला. शेवटी मी आठवडी बाजारात मासोळीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणून बुंध्याशी ठेवला. झाड जरा तरारलं. पण तो बर्फ रातभर रोहू-कतल्याच्या संगतीत राहिलेला! पानांना मांजराचा वास, बुडाला मासोळीचा. तासाभरात गावातली झाडून सगळी मांजरं आमच्या पडवीत सभा भरवून बसली. काही तर मी आधी कधी पाहिलीही नव्हती, ती पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, आली असावीत. यजमान शाळेतून आले ते दारातच थांबले.

"मी कुठून येऊ?"

त्या दिवशी मी कूलर बाहेर काढला. यजमानांनी फक्त उशी काढून घेतली आणि शाळेच्या व्हरांड्यात झोपायला गेले. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्याच आठवड्यात झुडपाला फुलं आली! वाटाण्याएवढी, हिरवट-जांभळट, खाली तोंड करून लटकलेली. आणि मग फळं. मोत्याएवढी हिरवी. घमेलं नाही, टोपली नाही, पण चहाच्या बशीत मावतील एवढी नक्की. मी एटापल्लीला जाऊन ताईंना फोन केला.

"ताई, मे महिन्यात या. घरचं ब्लॅककरंट झाडावरून तोडून खाऊ घालते."

पलीकडून त्या म्हणाल्या, "जांभळं झाली का तिकडे?"

"ब्लॅककरंट, ताई!"

"येतो, येतो," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. यापुढे मी गप्प बसले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्या गावात एक रीत आहे. आंबा कितीही झाडाला लागो, पंडुम झाल्याशिवाय कुणी तो खात नाही. पंडुम म्हणजे नव्या पिकाचा सण. गावाचे गायता, म्हणजे देवाचं बघणारे, आधी नवं फळ देवाला देतात, मग गाव खातं. आम्ही मास्तरचं घर, बाहेरचे, पण गावात राहतो तर आम्हीही पाळायचो. तर मला वाटलं, यंदाच्या आंब्याच्या पंडुमात माझं ब्लॅककरंटही ठेवलं तर? आंब्याच्या शेजारी! ताईंच्या डोळ्यांदेखत! गायता रैनूदादा ते हातात घेतील, सगळं गाव बघेल, आणि ताई... माझ्या डोळ्यांसमोर ते "वा" स्वच्छ दिसायला लागलं.

मी रैनूदादांकडे गेले. ते चिंचेखाली सुतळी वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठचं फळ हाय मने ते, बाई?"

"हिमालयातलं, दादा."

"मंग ते तिकडच्या देवाचं. आमच्या देवाले त्याचं काय? तू खा न खुशाल."

इथे उठून यायचं होतं. खुशाल खा, असं प्रत्यक्ष गायतांनी सांगितलं होतं! पण मला कुठलं सुख पचायला?

"नाही दादा," मी म्हणाले, "आलं तिकडून, पण वाढलं कुठी? या गावच्या मातीत. पाणी इथलं प्यायलं, फूल इथी आलं, फळ इथी धरलं. मी पण चामोर्शीहून आली, म्हणून मी काय इथली नाई का?"

रैनूदादांनी सुतळी खाली ठेवली. बाजूला बसलेल्या दोन म्हाताऱ्यांशी आपल्या बोलीत बराच वेळ बोलले. म्हातारे माझ्याकडे पाहून मान हलवत होते. मग दादा म्हणाले, "बरोबर बोलली तू. इथचंच फळ हाय ते."

मला आनंद मावेना.

"मंग आता पंडुम झाल्याबगर कोनी खायचं नाई."

"हो, हो!"

"तू भी नाई."

"हो."

"पाव्हना भी नाई. मी पोरीच्या गावाले लग्नाले चाललो. वापस आलो का पंडुम करू."

घरी येऊन हे यजमानांना सांगितलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"म्हनजे त्यानं खा म्हटलं होतं आन तू भांडून नाई म्हणवून आली?"

ताई आणि भाऊजी आले ते भर दुपारच्या बसने. ताई घामाने निथळत, पदराने वारा घेत अंगणात शिरल्या आणि त्यांना कूलर दिसला. त्यांचा चेहरा खुलला. मग कूलरचं तोंड कुणीकडे आहे ते दिसलं.

"सुनंदा, हे काय आहे?"

"ब्लॅककरंट!" मी छाती फुगवून म्हणाले.

आणि खरंच, काय दिसत होतं ते! काळीभोर, टपोरी फळं, इवल्या इवल्या घडांनी लटकलेली. भाऊजी खाली वाकून बघायला लागले. (भाऊजी बोलत नाहीत. ताईंशी लग्न झाल्यापासून.) ताईंनी हात पुढे केला.

"थांबा, थांबा ताई! हात लावू नका!"

"काऊन?"

मी सांगितलं. पंडुम, रैनूदादा, लग्न, वापसी. ताई थांबल्या. नेहमीसारख्या.

"म्हनजे तू मले नागपूरहून बोलावलं, तीन बसेस बदलायला लावल्या, आन आता म्हनते फक्त पाहा?"

"दादा येतच असतील हो..."

"आन कूलरही पाहायचाच आहे काय?"

जेवणं झाली. मी मासोळीचा रस्सा केला होता. ताई म्हणाल्या, "पाणी थंड आहे हो तुमच्याकडचं." मग त्यांनी आपलं अंथरूण ओढत पडवीत नेलं आणि झुडपाच्या बाजूला, अगदी बुंध्याला खेटून, कूलरसमोर ऐसपैस पसरलं. "मी इथीच पडतो. राखण होईल तेवढीच," म्हणाल्या. मला ते पटलं! मांजरं होतीच, शेळीही मोकळी होती. घरचं माणूस जवळ असलेलं बरं, असा विचार करून मी आत जाऊन निश्चिंत झोपले.

उठून बाहेर आले तर रैनूदादा अंगणात उभे. सोबत ते दोन म्हातारे, मागे चिन्नीबाई, आणि आणखी चार-सहा बायका. दादा बसमधून उतरून तसेच, नवं फळ पाहायला आले होते. आणि सगळे एकटक झुडपाकडे पाहत होते.

झुडपावर एकही फळ नव्हतं.

फळं पिकल्याचं मी सकाळीच सगळ्या गावाला सांगून झालं होतं. माझ्या शब्दावर रैनूदादांनी ते फळ गावाचं मानलं, आंब्याच्या शेजारी जागा दिली, आणि रीत मोडली कुठे, तर माझ्याच पडवीत! अकरा वर्षं या गावाने आम्हाला घरच्यासारखं ठेवलं होतं. मला ते "वा" वगैरे काही आठवलं नाही त्या वेळी. फक्त रैनूदादांकडे बघवेना.

"कोनं खाल्लं?" दादांनी विचारलं.

"शेळी नाई हां!" चिन्नीबाई आधीच ओरडली. "माही शेळी बांधून हाय! ते तर त्या झाडाकडे पाहत भी नाई आता!"

"मांजर असेल," मी म्हणाले.

"मांजर फळ खाते?" यजमान. (यांना नको तेव्हा खरं बोलायची सवय.)

सगळ्यांच्या नजरा हळूहळू ताईंकडे वळल्या. ताई अंथरुणावर उठून बसल्या होत्या आणि तोंड घट्ट मिटून मान हलवत होत्या. नाही, नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे. इतक्या वर्षांत मी त्यांना इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं, आणि तिथेच मला शंका आली.

"ताई," मी हळूच म्हणाले, "काही बोला न."

मान हलली.

"बाई," रैनूदादा अदबीने म्हणाले, "गोष्ट काय झाली, सांगा जी."

आणि ताईंना राहवलं नाही. "मले काय विचारता? मी तर झोपली होती!"

वीज चमकावी तसं सगळं स्वच्छ दिसलं. जीभ जांभळी! दात जांभळे! ओठांच्या आतली कड जांभळी! बाहेरून कसोशीने पुसलेलं, पण आत शाईची दौत सांडल्यासारखं. भाऊजी, जे बोलत नाहीत, ते म्हणाले, "निर्मला, तोंड बंद कर." लग्नानंतरचं त्यांचं ते पहिलंच मोठं वाक्य असावं.

म्हातारे चिंचेखाली गेले. आपल्या बोलीत बोलले, मध्येच एक जण तोंडावर हात धरून मागे वळला. परत आले तेव्हा रैनूदादांचा चेहरा गंभीर होता.

"फळ मास्तरीनच्या पडवीतलं. राखन तिची. तर दंड तिचा. एक कोंबडा आन सगळ्याईले जेवन."

मी मान डोलावली. माझंच चुकलं होतं. 'इथचंच फळ हाय' म्हणून भांडणारी मीच.

"आन ज्यानं पहिले तोंड लावलं," दादा ताईंकडे वळले, "त्या फळाचा मान त्याचा. आता दरसाल या बाईनं यायचं. तिनं पहिले खायचं, मंग बाकीच्याईनं. ते आल्याबगर कोनी खायचं नाई."

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी भीती, मग विचार, आणि मग हळूहळू अशी काही शोभा त्यावर चढली, की वास्तुपूजनाला पाटावर बसल्या होत्या तेव्हाही नव्हती. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

"येईन जी," त्या जांभळ्या तोंडाने म्हणाल्या. "तुम्ही एवढं म्हनता तर येईनच."

कोंबडा यजमानांनी आणला, शिजवला मी. गाव जेवलं. आता काय उरलं होतं? पण माणसाचा जीव मोठा चिवट. ताईंना वाढताना मी हळूच विचारलंच.

"ताई, कसं होतं हो? ब्लॅककरंट?"

ताई थांबल्या. बोटं चाटली. माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "जांभळासारखंच लागते."

पहिला पाऊस पडला आणि कूलर बंद झाला, त्याच आठवड्यात झुडूप वाळलं. मी पुष्कळ केलं. नाही जगलं. दिलीपला निरोप गेला तर तो म्हणाला, "एवढ्या भारी जातीचं तू मारलं कसं?" पुढच्या मे महिन्यात, झाड नाही म्हणजे मानही नाही, अशा समजुतीने मी निवांत होते. चिन्नीबाईनेही एव्हाना हसत हसत सांगून टाकलं होतं, "अवो, ते तर म्हाताऱ्याईनं मजाक केली होती जी! पाव्हनीचा चेहरा उतरला म्हणून!" आणि बरोबर गेल्या वर्षीच्याच दिवशी, भर दुपारच्या बसमधून, दोन बॅगा आणि भाऊजी घेऊन ताई उतरल्या. त्यांनी नागपुरातल्या सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं, की अमुक गावात मी तोंड लावल्याशिवाय नवं फळ कुणी खात नाही.

"ताई, पण ते झाड तर वाळलं हो!"

ताई थांबल्या.

"मग जांभळाले तोंड लावते. सारखंच तर लागते."

जांभूळ आमच्याकडे जूनमध्ये पिकतं. ताई मेच्या पहिल्या आठवड्यात येतात आणि जांभळं पिकेपर्यंत राहतात. दरवर्षी. गावही त्यांना हौसेने पहिलं जांभूळ देतं, आणि त्या ते डोक्यावर पदर घेऊन खातात. इथली हवा मानवते मला, असं म्हणतात. ब्लॅककरंटला नाही मानवली, त्यांना मानवली.

आमच्या घरात अजूनही एकच कूलर आहे. उन्हाळाभर तो पडवीत असतो, त्याच जागी. यजमान शाळेच्या व्हरांड्यात झोपतात आणि टाकीत पाणी मी भरते. परवा अंगणात बादली भरता भरता पडवीतून ताईंचा आवाज आला, "वा!"

मी बादली टाकून धावत पडवीत गेले. त्या कूलरशी बोलत होत्या.